नाण्यांच्या वजनातून इतिहास वाचणारा वैज्ञानिक : दामोदर धर्मानंद कोसंबी

सेवाग्राम आपल्या चंद्रपूरपासून फार दूर नाही. आपल्या वसतिगृहातील मुलांच्या सहली वर्ध्याला जातात तेव्हा बापूकुटी दाखवली जाते, चरखा दाखवला जातो आणि गाडी परत फिरते. त्याच आश्रमात ४ जून १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या दहा आठवड्यांवर आलेले असताना, एका वृद्ध पाली पंडिताने अन्नत्याग करून शांतपणे देह ठेवला, हे फार थोड्यांच्या ध्यानी असते. ते होते आचार्य धर्मानंद कोसंबी. महाराष्ट्रातील बौद्ध वाचकाला हे नाव नवे नाही. त्यांच्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथाची जीर्ण प्रत आपल्यापैकी अनेकांच्या घरी, बाबासाहेबांच्या ग्रंथाशेजारी, आजही आहे. परंतु या स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहिण्याची जबाबदारी आमच्याकडे आली तेव्हा आम्ही वडिलांऐवजी मुलाची निवड केली. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिती होते, संख्याशास्त्रज्ञ होते, प्रयोगशाळेच्या शिस्तीत वाढलेले संशोधक होते. आणि इतिहासाच्या आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना ते इतिहासकार म्हणून ठाऊक आहेत. विज्ञान शाखा आणि कला शाखा यांच्यामध्ये आपण शाळेत जी भिंत बांधून ठेवली आहे, ती त्यांच्या आयुष्यात नव्हतीच.

तरीही वडिलांपासूनच आरंभ केला पाहिजे. गोव्यातील साखवाळ येथे सारस्वत ब्राह्मण कुटुंबात ९ ऑक्टोबर १८७६ रोजी जन्मलेल्या धर्मानंदांना बुद्धचरित्राच्या एका लहानशा लेखाने असे झपाटले की १८९९ साली पत्नी व तान्ही मुलगी मागे ठेवून ते ज्ञानाच्या शोधात बाहेर पडले. पुणे, ग्वाल्हेर, काशी असा प्रवास झाला. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. नेपाळ आणि बोधगया पाहून ते श्रीलंकेला पोहोचले, तेथे भिक्खूंची दीक्षा घेतली, पाली शिकले, पुढे ब्रह्मदेशात राहिले. परतल्यावर बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा ५० रुपये देऊ केले. याच सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर पुढे १९१३ साली बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात गेले, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. एकाच राजाच्या तिजोरीतून दोन प्रवाहांना पाणी मिळाले, आणि ते दोन्ही प्रवाह तथागतांकडे वळले.

धर्मानंदांच्या लेखनातील एक गोष्ट येथे सांगितलीच पाहिजे. वृद्ध, रोगी आणि प्रेत ही दृश्ये एकोणतीस वर्षांच्या राजपुत्राने पहिल्यांदाच पाहिली, ही कथा त्यांच्या बुद्धीला पटली नाही. पालीतील जुने पुरावे तपासून त्यांनी गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटलेल्या कलहात शोधले. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही गृहत्यागाची हीच मांडणी आहे. परंपरेने सांगितले म्हणून मान्य न करता पुराव्याकडे जायचे, ही वृत्ती त्या घरात होती. तिच्यातच दामोदर वाढले.

त्यांचा जन्म ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात झाला. वडील तेव्हा कधी कलकत्त्यात, कधी मुंबईत, कधी थेट अमेरिकेत. १९१२ ते १९१८ या काळात धर्मानंद पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवत होते, तेवढीच काय ती कुटुंबाला लाभलेली स्थिरता. १९१८ मध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठाने धर्मानंदांना पुन्हा बोलावले, तेव्हा अकरा वर्षांचा दामोदर आणि थोरली बहीण माणिक ही दोघेही त्यांच्यासोबत गेली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज या गावच्या शाळेत हा मराठी मुलगा दाखल झाला. धर्मानंद १९२२ साली परतले. मुलगा शिक्षणासाठी तेथेच राहिला. मध्यंतरी एकदा भारतात येऊन तो १९२६ मध्ये हार्वर्डच्या महाविद्यालयात गेला आणि १९२९ साली सर्वोच्च श्रेणीत पदवीधर झाला.

आपल्या शाळेत राहून शिकणाऱ्या लेकरांना घराची आठवण येते, सणासुदीला ती खिडकीशी उभी राहतात, हे आम्ही इतकी वर्षे पाहत आलो आहोत. पंधरा-सोळाव्या वर्षी सातासमुद्रापलीकडे एकट्याने राहणाऱ्या या मुलाच्या मनाची कल्पना म्हणूनच आम्हाला करता येते. पुढे त्यांच्या स्वभावात जो तुटकपणा आणि जिभेवर जी धार आली, तिचे मूळ येथेही असू शकेल. ते कोणाची भीड ठेवत नसत. चुकीचे विधान समोर आले की ते करणारा कोण आहे हे न पाहता ते फाडून काढत. याची किंमत त्यांनी आयुष्यभर मोजली.

हार्वर्डमध्ये गणिताबरोबर त्यांनी भाषांचा छंद जोपासला. ग्रीक, लॅटिन, जर्मन, फ्रेंच, इटालियन अशा कित्येक भाषा ते वाचत. १९२९ मध्ये भारतात परतल्यावर बनारस हिंदू विद्यापीठात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले. तेथे गणिताबरोबर ते जर्मनही शिकवत. १९३० साली त्यांचा पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला तो भौतिकशास्त्राच्या नियतकालिकात, 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स' मध्ये. ग्रहाची लंबवर्तुळाकार कक्षा स्वतःच हळूहळू कशी सरकत जाते, हा त्याचा विषय. आइन्स्टाइनच्या सापेक्षता सिद्धांताने त्या काळी साऱ्या जगाच्या पदार्थविज्ञानात खळबळ उडवली होती आणि वक्र अवकाशाची भूमिती हा तरुण संशोधकांचा ध्यास होता. कोसंबींचे आरंभीचे गणित या भूमितीचेच आहे. १९३३ मध्ये त्यांनी मांडलेल्या एका सिद्धांताला आज कोसंबी, कार्तान आणि चेर्न या तिघांच्या नावाने ओळखले जाते. त्यातील कार्तान फ्रान्सचे आणि चेर्न चीनचे, दोघेही विसाव्या शतकातील अग्रगण्य भूमितिज्ञ. आपल्या पदवीधर मुलांनी त्या रांगेत पहिले नाव कोणाचे आहे ते पाहावे.

बनारसहून ते १९३१ मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात गेले. तेथील गणित विभागाची धुरा आंद्रे वेल नावाच्या पंचविशीतील फ्रेंच प्राध्यापकाकडे होती. पुढे तेही जगद्विख्यात झाले. दोघांच्या खोडकरपणातून तेथे एक गंमत घडली. बूर्बाकी नावाच्या गणितज्ञाच्या प्रमेयाचा हवाला देणारा निबंध कोसंबींनी छापला. असा गणितज्ञ अस्तित्वातच नव्हता! पुढे काही वर्षांनी वेल आणि त्यांच्या फ्रेंच मित्रांनी त्याच काल्पनिक नावाने ग्रंथमालिका लिहायला घेतली आणि बूर्बाकी हे नाव जगभर गाजले. गणिताच्या साहित्यात त्याचा पहिला उल्लेख करण्याचा मान मात्र कोसंबींचा. १९३१ मध्येच त्यांचा विवाह नलिनी मडगांवकर यांच्याशी झाला.

१९३३ साली ते पुण्याला, वडिलांनी जेथे पाली शिकवली त्याच फर्ग्युसन महाविद्यालयात, गणिताचे प्राध्यापक म्हणून आले आणि बारा वर्षे राहिले. १९३४ मध्ये त्यांना रामानुजन स्मृती पारितोषिक मिळाले. याच काळात त्यांनी संख्याशास्त्र हा नवा विषय स्वतःचा स्वतः शिकून घेतला. १९४३ सालच्या एका निबंधात त्यांनी जी पद्धत मांडली, ती पुढे युरोपातील दोन गणितज्ञांनी स्वतंत्रपणे शोधली आणि पाठ्यपुस्तकांत नावे लागली ती त्या दोघांची. प्रतिमा ओळखणाऱ्या यंत्रांपासून वाहत्या द्रवाच्या अभ्यासापर्यंत आज ती पद्धत वापरली जाते. श्रेय हुकण्याची ही कथा विज्ञानात नवी नाही; दुर्लक्षित देशातून प्रसिद्ध होणाऱ्या संशोधनाचे हेच होत आले आहे.

दुसऱ्या एका शोधाचे श्रेय मात्र कोणी हिरावून घेऊ शकले नाही. आनुवंशिकतेची जनुके गुणसूत्रावर माळेतील मण्यांसारखी ओळीने असतात. पिढी बदलताना माळेचे तुकडे अदलाबदल होतात. दोन मणी जितके दूर, तितकी त्यांची ताटातूट होण्याची शक्यता अधिक. परंतु ही शक्यता आणि प्रत्यक्ष अंतर यांचे नाते सरळ नसते, कारण एका ठिकाणी अदलाबदल झाली की तिच्या शेजारी दुसरी सहजासहजी होत नाही. हा अडथळा हिशेबात धरून अंतर काढण्याचे सूत्र कोसंबींनी १९४४ साली दिले. भाताच्या, गव्हाच्या, कापसाच्या नव्या वाणांवर काम करणारे जगातील संशोधक आजही जनुकांचे नकाशे आखताना कोसंबी सूत्र वापरतात. सिंदेवाहीच्या भात संशोधन केंद्राच्या फाटकावरून जाणाऱ्या आपल्या भागातील शेतकऱ्याला हे नाव ठाऊक नसेल, पण त्याच्या बियाण्याच्या शास्त्राला ते ठाऊक आहे.

आता नाण्यांकडे येऊ. कोसंबींच्या आयुष्यातील हा भाग आम्हाला सर्वाधिक प्रिय आहे.

अनाथपिंडिकाने जेतवनाची भूमी नाणी अंथरून विकत घेतली, ही कथा आपल्या विहारात प्रत्येक मुलाने ऐकली आहे. भारहुतच्या शिल्पपटात ती कोरलेली आहे आणि त्यात जमिनीवर पसरली जाणारी नाणी चौकोनी दाखवली आहेत. ती काल्पनिक नाहीत. पालीत ज्यांना कहापण म्हणतात, ती चांदीची आहत नाणी आजही उत्खननात हजारोंनी सापडतात. त्यांच्यावर राजाचे नाव नाही, साल नाही, मुखवटा नाही. एका बाजूस सूर्य, षडर, प्राणी अशा पाच खुणा ठोकलेल्या आणि दुसऱ्या बाजूस अगदी बारीक ठसे. कोणते नाणे आधीचे आणि कोणते नंतरचे, यावर विद्वानांनी केवळ खुणांच्या अर्थावरून तर्काचे इमले उभारले होते. कोसंबींनी खुणांचा अर्थ लावण्याआधी तराजू हाती घेतला.

त्यांचा विचार साधा होता. नाणे हातोहाती फिरते, पिशवीत घासते, झिजते. जेवढा काळ ते चलनात राहील तेवढे त्याचे वजन घटेल. एकेकट्या नाण्यावरून काहीच सांगता येत नाही, कारण टांकसाळीतून निघतानाच प्रत्येकाचे वजन थोडे कमीजास्त असते आणि प्रत्येकाचे नशीबही वेगळे असते. परंतु सारख्या खुणांची शे-दोनशे नाणी एकत्र घेतली तर त्यांच्या सरासरी वजनातील घट ही काळाचे माप ठरते; शिवाय झीज वाढेल तशी वजनांतील आपापसातली तफावतही वाढत जाते. एखादा साठा जमिनीत पुरला गेला त्या दिवशी हे घड्याळ थांबले. मग त्या साठ्यातील गट वजनाच्या उतरत्या क्रमाने लावा. सर्वांत जड गट पुरण्याच्या वेळेला सर्वांत जवळचा. तक्षशिलेच्या साठ्यांवर त्यांनी ही पद्धत चालवली. मागच्या बाजूचे बारीक ठसे मोजले तेव्हा दिसले की जितकी झीज अधिक, तितके ठसे अधिक. म्हणजे ते ठसे राजाचे नव्हते. नाणे वेळोवेळी पारखून घेणाऱ्या व्यापाऱ्यांचे होते. सिद्धांत खरा की खोटा हे पडताळण्यासाठी त्यांनी आपल्या काळातील चलनी नाणीही मोठ्या संख्येने तोलली. त्यांच्यावर साल छापलेले असल्याने उत्तर आधीच ठाऊक होते. १९४० पासून सुरू झालेले हे काम त्यांनी मृत्यूपर्यंत चालू ठेवले.

काही वर्षांपूर्वी आम्ही हा प्रयोग आठवीच्या मुलांकडून करवून घेतला. मुलांनी बाजारातून, बसच्या वाहकाकडून, आपापल्या पालकांकडून एक रुपयाची एकाच घडणीची नाणी जमवली. प्रयोगशाळेतील तराजू जुना, त्यातून पोलादी नाण्यांची झीज अत्यल्प. पहिल्या दिवशी आकडे वेडेवाकडेच आले. जुने नाणे नव्यापेक्षा जड भरले तेव्हा मुले हिरमुसली. मग आम्ही त्यांना एकेका नाण्याऐवजी वीस-वीस नाण्यांचे गट एकत्र तोलायला सांगितले. फरक दिसू लागला, अगदी थोडा, पण योग्य दिशेचा. अहेरीकडील एका मुलाने विचारले की बाजारात न जाता आजीच्या गाडग्यात राहिलेले नाणे मग तरुणच राहील काय. कोसंबींना हा प्रश्न फार आवडला असता, असे आमचे मत आहे.

१९४५ च्या डिसेंबरात मुंबईत पेडर रोडवरील एका बंगल्यात टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे कार्य सुरू झाले. संचालक डॉ. होमी भाभा हे विश्वकिरणांचे अभ्यासक, भौतिकशास्त्राचे अव्वल पंडित. त्यांच्या निमंत्रणावरून कोसंबी गणिताचे प्राध्यापक म्हणून तेथे दाखल झाले. आरंभीची वर्षे सौहार्दाची होती. १९४८-४९ मध्ये युनेस्कोच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी इंग्लंड-अमेरिकेत जाऊन तेव्हा नुकत्याच अवतरलेल्या संगणकयंत्रांचा अभ्यास केला, शिकागो विद्यापीठात भूमिती शिकवली आणि प्रिन्स्टन येथे आइन्स्टाइन यांच्याशी चर्चा केल्या.

घर पुण्यात, नोकरी मुंबईत. दख्खनची राणी ही गाडी पकडून ते ये-जा करीत आणि त्या प्रवासातच त्यांचे वाचन-लेखन चाले. 'ॲन इंट्रोडक्शन टू द स्टडी ऑफ इंडियन हिस्टरी' हा त्यांचा युगप्रवर्तक ग्रंथ १९५६ मध्ये सिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेखाली ठिकाण म्हणून गाडीचेच नाव आहे आणि तारीख आहे ७ डिसेंबर १९५६. ही तारीख प्रथम वाचली तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ तसेच बसलो होतो. आदल्या दिवशी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले होते आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर लाखोंच्या साक्षीने त्यांना अखेरचा निरोप दिला गेला. चंद्रपूरच्या भूमीवर १६ ऑक्टोबरला त्यांच्या हस्ते दीक्षा घेऊन जेमतेम सात आठवडे झालेले आपले आजी-आजोबा त्या दिवशी पोरके झाले होते. भारताच्या इतिहासाकडे पाहण्याची रीत बदलणारे एक पुस्तक आणि भारताचा इतिहास बदलणाऱ्या महामानवाचा अंत्यविधी एकाच दिवसाच्या पानावर आहेत.

येथे आम्हाला एक तक्रारही नोंदवली पाहिजे. कोसंबींच्या लेखनात बाबासाहेबांच्या चिंतनाशी जेवढा संवाद असायला हवा होता तेवढा आढळत नाही. बाबासाहेबांनी १९१६ सालीच कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात दाखवले होते. कोसंबींनी जातीकडे मुख्यतः उत्पादनाच्या अंगाने पाहिले. त्यांची मांडणी अशी, की रानात शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या टोळ्या नांगराच्या शेतीच्या समाजात ओढल्या गेल्या. येताना त्यांनी आपापली दैवते आणि आपसातच लग्न करण्याची रीत सोबत आणली. पुरोहितांनी त्या दैवतांना पुराणात जागा दिली आणि टोळीची जात झाली. आपल्या दोन जिल्ह्यांतील वाचकाला ही प्रक्रिया पुस्तकातून शिकावी लागत नाही. माडिया, गोंड, कोलाम मुलांबरोबर एका पंगतीत जेवणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ती डोळ्यांपुढे दिसते. पण अस्पृश्यतेच्या अपमानाचा दाह नांगराच्या इतिहासाने पुरता उलगडत नाही. तो उलगडण्यासाठी बाबासाहेबांकडेच जावे लागते. आमच्या मते या दोघांना शेजारी ठेवून वाचणे हाच मार्ग आहे. एकाच्या नावाने दुसऱ्याला मोडीत काढणाऱ्या वादात आम्हाला रस नाही.

बौद्ध धम्माच्या ऱ्हासाबद्दलचे त्यांचे विवेचनही आपल्याला अस्वस्थ करते. कार्ले, कुडा, जुन्नर येथील लेणी त्यांनी वारंवार पायाखाली घातली आणि ती घाटवाटांच्या कडेलाच का आहेत, असा प्रश्न विचारला. कार्ल्याच्या चैत्यगृहातील शिलालेख पाहा. दाते आहेत वैजयंतीचे श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकट गावचे व्यापारी, यवनदेखील. विहार हे तांड्यांचे विसाव्याचे, साठवणीचे आणि भांडवलाचे ठिकाण होते, असे त्यांनी दाखवले. पुढे दूरचा व्यापार आटला, गावे स्वयंपूर्ण झाली आणि विहारांचा आर्थिक आधार सुटला, असा त्यांचा निष्कर्ष. बाबासाहेबांनी दाखवलेले प्रतिक्रांतीचे आणि आक्रमणांचे कारण यात मागे पडते आणि ते आम्हाला मान्य नाही. मात्र व्यापारी मार्गाचा प्रश्न आम्ही त्यांच्याकडून घेतला आहे. भद्रावतीच्या विजासन लेण्यात मुलांना नेतो तेव्हा आम्ही मूर्तीसमोर वंदना झाल्यावर त्यांना बाहेर टेकडीवर उभे करतो आणि विचारतो की येथे राहणाऱ्या भिक्खूंचे धान्य कोणत्या वाटेने येत असेल. नागभीडकडे देवटेक येथे सापडलेल्या शिळेवर प्राण्यांची हत्या मना करणारा ब्राह्मी लेख आहे, वा. वि. मिराशी यांनी तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा मानला. एवढ्या दूर अरण्यात ती आज्ञा वाचणारे कोण होते? कोसंबी असेच प्रश्न विचारत.

आणि त्यांची उत्तरे शोधायला ते ग्रंथालयात बसून राहत नसत. सुट्टीच्या दिवशी हाती काठी घेऊन पुण्याच्या भोवतालच्या टेकड्या ते तुडवीत. गारगोटीची इवलीशी अश्मयुगीन हत्यारे वेचीत. शेंदूर फासलेल्या दगडाजवळ थांबून गुराख्याला, धनगराला, म्हातारीला देवीचे नाव विचारीत, जत्रा कधी भरते ते विचारीत. आडवाटेवरील अशा मातृदेवतांची ठाणी प्राचीन पायवाटांच्या तिठ्यांवरच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. १९६२ च्या 'मिथ अँड रिॲलिटी' या ग्रंथात हे सारे आहे. आपल्या चंद्रपूरच्या पापामिया टेकडीवरही अश्मयुगीन हत्यारे सापडली आहेत; आपल्यापैकी कितीजण तेथे खाली मान घालून चालले आहेत?

वडिलांची विद्याही त्यांच्यात उतरली होती. भर्तृहरीच्या सुभाषितांची शेकडो हस्तलिखिते ताडून त्यांनी १९४८ साली चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. बंगालमधील जगद्दल महाविहारातील विद्याकर या बौद्ध पंडिताने अकराव्या शतकाच्या सुमारास संकलित केलेला 'सुभाषितरत्नकोश' त्यांनी वि. वि. गोखले यांच्यासह संपादित केला. १९५७ मध्ये हार्वर्डच्या ज्या ग्रंथमालेत वडिलांचा विसुद्धिमग्ग निघाला होता, त्याच मालेत तो प्रसिद्ध झाला. राहुल सांकृत्यायन यांनी तिबेटच्या मठात घेतलेली छायाचित्रे नसती, तर त्या पोथीचा पत्ताही लागला नसता.

टाटा संस्थेतील दिवस मात्र कडवट होत गेले. डॉ. भाभा हे संस्थेचे संचालक आणि अणुऊर्जा आयोगाचेही अध्यक्ष. कोसंबी जागतिक शांतता चळवळीत उतरलेले. अण्वस्त्रांना त्यांचा विरोध होताच, पण भारतासारख्या गरीब देशाने अणुवीजेवर एवढा पैसा ओतावा हेही त्यांना मान्य नव्हते. वर्षातले बहुतेक दिवस आकाशातून फुकट कोसळणाऱ्या सूर्याच्या ऊर्जेवर संशोधन करा, असा त्यांचा आग्रह होता, तोही १९५०-६० च्या दशकात. मोठ्या धरणांऐवजी योग्य जागी अनेक लहान बंधारे बांधण्याचा पक्षही त्यांनी मांडला. आपल्या झाडीपट्टीतले मामा तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या विचारात नवल वाटणार नाही. ऊर्जानगरच्या धुराखाली राहणाऱ्या आणि मे महिन्यात भाजून निघणाऱ्या चंद्रपूरकराला सूर्याबद्दलही अधिक काही सांगायला नको.

याच काळात त्यांच्याकडून एक मोठी चूकही झाली, आणि चरित्र लिहिताना ती झाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. गणितातील रीमानचे गृहीतक हा शंभर वर्षांचा न सुटलेला प्रश्न. संख्याशास्त्राच्या मार्गाने आपण तो सोडवला, असा दावा करणारे निबंध त्यांनी कृषी संख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. सिद्धता टिकली नाही. आयुष्यभर इतरांच्या चुकांवर निर्दयपणे बोट ठेवणाऱ्या माणसाची चूक जगाने तेवढ्याच निर्दयपणे पाहिली. संस्थेत त्यांना पाठीशी घालणारे आधीच थोडे उरले होते. १९६२ मध्ये त्यांच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. सोळा-सतरा वर्षांची नोकरी संपली तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते.

त्यांनी काम थांबवले नाही. १९६४ मध्ये वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यांना मानद दर्जाचे वैज्ञानिक म्हणून नेमले आणि पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी या संस्थेत त्यांना बसायला जागा मिळाली. १९६५ मध्ये 'द कल्चर अँड सिव्हिलायझेशन ऑफ एन्शंट इंडिया' हा त्यांचा ग्रंथ निघाला. सामान्य वाचकाने कोसंबी वाचायला येथूनच आरंभ करावा, असे आम्ही सुचवतो. १९६६ च्या फेब्रुवारीत नाण्यांच्या शास्त्रावरचा त्यांचा लेख 'सायंटिफिक अमेरिकन' या जगप्रसिद्ध मासिकात आला. त्याच्या काही दिवस आधी, २४ जानेवारीला, आल्प्स पर्वतातील विमान अपघातात डॉ. भाभा गेले होते. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच, कोसंबींचे प्राण गेले. वयाची एकोणसाठ वर्षे पुरी व्हायला एक महिना बाकी होता.

भारतीय टपाल खात्याने ३१ जुलै २००८ रोजी त्यांच्या नावाचे तिकीट काढले. आपल्या ग्रंथालयात त्यांच्या दोन पुस्तकांची मराठी भाषांतरे आहेत. आणि प्रयोगशाळेच्या कपाटात, खालच्या खणात, मुलांनी जमवलेल्या नाण्यांचा तो डबा अजून आहे. दर वर्षी नवी तुकडी त्यात भर घालते आणि वजनांची वही पुढे चालते. या स्मरणिकेच्या निमित्ताने शाळेत येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी ती वही जरूर पाहावी. पहिल्या पानावरील वेडेवाकडे आकडे ज्यांनी लिहिले होते, त्यांची अक्षरे आम्ही अजून ओळखतो.